चौदावं पान

सोमवारी तिसरीच्या वर्गात पानं वाटली गेली. फाडून नव्हे. मुख्याध्यापक स्वतः वर्गात आले, एकतीस मुलं रांगेत उभी केली आणि शाळेच्या जुन्या वाचनपुस्तकातलं एकेक पान एकेकाच्या नावावर करत गेले. तपासणीला तीन आठवडे होते. तोवर ज्याने त्याने आपलं पान घोकायचं. अधिकारी आल्या की पुस्तक मुख्याध्यापकच उघडून मुलाच्या हातात देत. नेमकं त्याचंच पान कसं उघडतं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मुलं एकमेकांना पानांवरूनच चिडवत. ए सातव्या, ए बारावे.

“बोट शब्दाखालून सरकत राहिलं पाहिजे,” मुख्याध्यापक म्हणाले. “बोट थांबलं की बिंग फुटतं.”

वर्गाच्या बाई दाराशी उभ्या होत्या. नोकरीचा हा दुसरा महिना. चौदावं पान कुणाच्या वाट्याला येतं, याकडे त्यांचं लक्ष होतं. ते सुताराच्या मुलीला मिळालं. शेळीचा धडा.

तो धडा बाईंना अक्षरओळख होण्याआधीपासून पाठ होता. त्यांची आई लाँड्रीत इस्त्री करायची. दुपारी उसंत मिळाली की लेकीला मांडीवर घ्यायची, हाताला लागेल ते पुस्तक उघडायची आणि शब्दाखालून बोट फिरवत वाचायची. शेळीला तहान लागली. शेळी ओढ्यावर गेली. पुस्तक कुठलंही असो, शेळी ओढ्यावर जायचीच. जगातली सगळी पुस्तकं शेळीपासून सुरू होतात, असं लेकीला सहाव्या वर्षापर्यंत वाटत होतं. खरं काय ते कळलं तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या.

“मला वाचता येतं हं, दाखल्यावर लिहिलंय तसं,” आई म्हणाली होती. “फक्त दरवेळी ही शेळी कुठून येते, तेवढं कळत नाही.”

पुढे आईला शिकवायला लेकीने दोनदा पाटी काढली. दोन्ही वेळा आईने आता या वयात कशाला म्हणून टाळलं. तिसऱ्यांदा लेकीने आग्रह धरला नाही.

गेल्या वर्षी लाँड्रीत धुलाईच्या दोन औषधांचे नवे कॅन आले. दुसऱ्या कशातही मिसळू नये, असं त्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. आईने मागच्या बंद खोलीत एका बादलीत दोन्ही ओतली. दार उघडलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली होती, तोंडाला ओला टॉवेल धरून. दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही.

चौकशीत मालकाने दोन कागद पुढे केले. एक लेखी सूचना, खाली आईची सही. दुसरा शाळा सोडल्याचा दाखला. वाचन उत्तम. निष्काळजीपणा कामगाराचाच ठरला. वडील हात जोडून ऐकत राहिले आणि घरी येऊन म्हणाले, चूक आपलीच निघाली. लेक मात्र दाखल्यावरची सही बघत होती. तिसरीच्या तेव्हाच्या वर्गशिक्षकाची. तेच गृहस्थ आता मुख्याध्यापक होते आणि दीड महिन्यात निवृत्त होणार होते.

तिने ही शाळा मागून घेतली होती.

बेत साधा होता. तपासणीच्या दिवशी पुस्तक आपण उघडायचं, भलत्याच पानावर. निम्म्याहून जास्त मुलं गप्प उभी राहतील आणि त्या माणसाची नोकरीची छत्तीस वर्षं सगळ्यांसमोर मातीत जातील. त्यासाठी तिला फक्त गप्प राहायचं होतं. ती राहिली.

तपासणीच्या आदल्या दिवशी सुताराची मुलगी टेबलाशी आली. तिच्या हातात पुस्तक उलटं होतं आणि बोट बरोबर सरकत होतं. शेळीला तहान लागली. संपल्यावर तिने विचारलं, “मी हुशार आहे ना, बाई?”

बाईंनी पुस्तक सुलटं करून तिच्या हातात दिलं. उद्या या पोरीला आपण सगळ्यांसमोर उभं करणार होतो, आणि तेही आईच्या नावाने. त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी तपासणीला द्यायचा वाचनाचा तक्ता पुढे ओढला. बारा नावांपुढे लिहिलं, वाचता येतं. एकोणीस नावांपुढे लिहिलं, येत नाही. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या अधिकारी बाई आल्या. मुख्याध्यापकांनी पुस्तक उघडून सुताराच्या मुलीपुढे धरलं. वर्गाच्या बाईंनी त्यावर हात ठेवला.

“हिला उभं करू नका. हे पाठ करून घेतलंय, सगळ्यांकडूनच. खरं काय ते तक्त्यात आहे.”

अधिकारी बाईंनी तक्ता शेवटपर्यंत वाचला. मुख्याध्यापक हसत म्हणाले की नव्या आहेत, अजून शिकतायत. अधिकारी बाईंनी हसून साथ दिली नाही. त्यांनी मुलांना मैदानात पाठवलं आणि शाळेसाठी आणलेलं ‘शंभर टक्के वाचन’चं मानपत्र पिशवीतून काढलंच नाही.

त्या गेल्यावर मुख्याध्यापक खुर्चीत बसले. कपाळावरचा घाम पुसत त्यांनी विचारलं, मी तुमचं काय वाकडं केलं होतं?

“चौदावं पान तुम्ही माझ्या आईला दिलं होतं. तेवढ्यावर ती मेली.”

मुख्याध्यापक म्हणाले, वरून आकडे मागत होते. प्रत्येक शाळा हेच करत होती. शेवटी आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “सूड उगवला ना? झालं समाधान?”

“नाही. ही एकोणीस मुलं मी बघेन. आधीच्या सगळ्यांची यादी तुम्ही द्यायची. कुणाकुणाला नुसतं पान देऊन वाचता येतं म्हणून घरी पाठवलंत, ते सगळे. मी एकेकाच्या दाराशी जाणार आहे. तुम्हीही येणार आहात, आणि तुम्ही खोटं लिहिलंत हे तुमच्या तोंडाने सांगणार आहात.”

“छत्तीस वर्षांची नावं कशी आठवतील? मला नुसती पानं आठवतात.”

बाईंनी कपाटातून पटाची जुनी रजिस्टरं उतरवली. सगळ्यात खालचं त्यांच्यापुढे ठेवलं, उघडलं आणि पेन काढून समोर बसल्या.

“वाचा,” त्या म्हणाल्या. “बोट ठेवून.”