सहा आणि चौदा

"सर, या दोन्ही तुम्हीच तपासल्यात ना?"

मुख्य परीक्षक बाईंनी दोन उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवल्या. दोन्हींवर लाल शाईत माझी सही होती. एकीवर वीसपैकी सहा गुण, दुसरीवर चौदा.

"सही माझीच आहे," मी म्हणालो.

"जरा वाचून बघता?"

बाई माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान. आवाज कधी चढवत नाहीत. मी चष्मा पुसला आणि वाचू लागलो. चार ओळींनंतर दुसरी पत्रिका शेजारी ओढली. अक्षरे वेगळी होती, निबंध एकच होता.

दरवर्षी असे करतात हे मला ठाऊक होते. मागच्या एखाद्या परीक्षेतला निबंध दोन वेगळ्या अक्षरांत उतरवून घेतात आणि प्रत्येक परीक्षकाच्या गठ्ठ्यात दोनदा घालतात, एकदा पहिल्या दिवशी आणि एकदा चौथ्या. परीक्षकाचा हात स्थिर आहे का, ते त्यावरून कळते. एक-दोन गुणांचा फरक कुणी मनावर घेत नाही.

"बाकीच्यांचं कसं आहे?" मी विचारले.

"अकरा ते चौदाच्या मध्ये सगळे. वकीलसाहेबांनी दोन्ही वेळा साडेबारा दिलेत." वकील म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे परीक्षक. अर्ध्या गुणासाठी तासभर भांडतात म्हणून ते नाव पडले आहे. मग बाई हळूच म्हणाल्या, "पास व्हायला सात लागतात, सर."

आमच्या विषयात तीन निबंधांपैकी एक लिहायचा असतो. पहिला साहित्यावरचा. तो लिहिणारी मुले एकाच गाइडमधून पाठ करून येतात, त्यामुळे सकाळपासून चाळीस वेळा तोच कवी त्याच शब्दांत निसर्गाशी एकरूप होतो. तिसरा वादाच्या सामाजिक प्रश्नावरचा; त्यात सगळे दोन्ही बाजू मांडून शेवटी सुवर्णमध्य काढतात. दुसरा इतिहासाचा. यंदा विषय होता, तुमच्या गावातली अशी घटना, जिच्याबद्दल आजही दोन मते आहेत.

समोरचा निबंध त्याच धाटणीच्या जुन्या प्रश्नावर होता. घटना होती काचेच्या कारखान्यातला संप. चौदा महिने चाललेला.

सहा गुणांच्या प्रतीत पहिल्या पानावर, 'संप करणाऱ्यांनी घरच्यांचा विचार केला नाही' या वाक्याखाली मी रेघ मारली होती. इतक्या जोराने, की कागद फाटला होता. त्यानंतरच्या दोन पानांवर लाल शाईचा ठिपकाही नव्हता. ती पाने मी वाचलीच नव्हती.

माझा दादा त्या संपात होता. भट्टीवर कामाला असायचा. संप मोडल्यावर त्याला परत घेतले नाही, आणि तो पुढे कधी त्याबद्दल बोलला नाही. मी तेव्हा शाळेत होतो, त्याच्याच घरात वाढत होतो. त्याच्याविषयी कुणी वेडेवाकडे बोलले की अजूनही माझे डोके फिरते. फक्त तोंडातून शब्द फुटत नाही. पहिल्या दिवशी सकाळी हातात लाल पेन होते.

चौदा गुणांची प्रत मी चौथ्या दिवशी, बाईंनी बोलावले त्याच दुपारी तपासली होती. तेच वाक्य तेव्हाही वाचले. कुठेतरी वाचल्यासारखे वाटले खरे, पण मध्ये दीडशे निबंध होऊन गेले होते आणि मान आखडली होती. रागवायलाही ताकद उरली नव्हती, म्हणून नुसता वाचत गेलो. पुढे लिहिले होते, की आजोबा संपात होते आणि आम्हांला त्यांचा अभिमान आहे. पण चौदा महिने घर आजीने चालवले, आणि संप करायचा की नाही हे ठरवताना तिला एका शब्दाने कुणी विचारले नाही. सभेच्या फोटोत सत्तर माणसे आहेत, त्यांत एकही बाई नाही. तिथे समासात मी 'छान' लिहिले होते.

थकलो की आपला हात सैल सुटतो, अशी भीती मी आयुष्यभर बाळगली. म्हणून अवघड पत्रिका सकाळी, ताज्या डोक्याने तपासायचो.

"मनाला लावून घेऊ नका," बाई म्हणाल्या. "हा निबंध यंदाच्या कुठल्याच मुलाचा नाही. कुणाचं नुकसान झालेलं नाही. मी सरासरी दहा लिहिते आणि मिटवून टाकते."

मी मान हलवली आणि घरी आलो.

माझे लग्न राहूनच गेले. दादा गेल्यापासून वहिनी आणि मी, दोघेच असतो. वहिनी खिडकीशी बसून भाजी निवडत होत्या.

"वहिनी, संपात उतरण्याआधी दादानं तुम्हांला विचारलं होतं का हो?"

"हे काय आज मध्येच? किती वर्षं झाली त्याला!"

"एका निबंधात आलंय. घरातल्या बायकांना कुणी विचारलंच नाही म्हणून."

"कुणी लिहिलंय?"

"नाव कळत नाही आम्हांला."

वहिनींनी एक काडी मोडून बाजूला टाकली. "विचारतायत कसले! 'वाढ' म्हणाले, आणि दुसरा घास घेताना सांगितलं, उद्यापासून कामावर जायचं नाही. मी म्हटलं, आमटी वाढू का अजून?" त्या हसल्या. मग पुढची काडी मोडत म्हणाल्या, "विचारलं असतं ना भाऊजी, तरी मी 'जा'च म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं."

चौदा महिने त्यांनी लोकांच्या पिशव्या शिवल्या. मशीनच्या आवाजात मी धडे पाठ करायचो, आणि तो आवाज कधी थांबेल असे मला व्हायचे. यापलीकडे मीही त्यांना कधी काही विचारले नव्हते.

"मग किती दिलेत त्याला?"

"आधी सहा. मग चौदा."

"अहो, असं कसं? मास्तर कसले तुम्ही!" त्या चेष्टेने म्हणाल्या, आणि भाजी घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बाईंच्या टेबलाशी उभा राहिलो. काय बोलायचे ते वाटेत तीनदा घोकले होते, तरी उलटसुलटच बोललो.

"माझे सगळे गठ्ठे दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. एकशे एकसष्ट पत्रिका आहेत."

"सर, दहा लिहून झालं की."

"दहा कुणीच दिलेले नाहीत, बाई. मी एकदा न वाचता दिले आणि एकदा वाचून. बाकीच्यांतले किती वाचून दिलेत, ते मला सांगता येत नाही."

शेजारून वकील ओरडले, "अहो, म्हणजे हे सगळं आमच्या बोडक्यावर? आधीच माझे चाळीस उरलेत!"

"मला कारण लेखी द्यावं लागेल," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुमचं नाव यादीत येणार नाही. कळतंय ना?"

कळत होते. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली. वर्षातला हा एकच आठवडा असा, की सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे, आणि कुणीतरी 'सर' म्हणायचे.

"लिहा," मी म्हणालो.

माझे लाल पेन त्यांनी जमा करून घेतले. दुसऱ्या परीक्षकावर परिणाम होऊ नये म्हणून पहिल्याचे गुण आधी झाकावे लागतात. ते काम शिपायाचे. मी त्याच्याकडून डिंकाची बाटली आणि पांढऱ्या पट्ट्या मागून घेतल्या, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो.

प्रत्येक पत्रिकेवर एक पट्टी पहिल्या पानावरच्या गुणांवर आणि एक सहीवर. समासातल्या शेऱ्यांवर लहान तुकडे. मध्येच एखादी ओळ डोळ्यांत भरायची आणि वाटायचे, याला आणखी दोन द्यायला हवे होते. मग पट्टी लावायची आणि पुढची पत्रिका घ्यायची.

जेवणाच्या सुट्टीनंतर वकील आले. माझ्यासमोरचा पहिला गठ्ठा त्यांनी न विचारता उचलला, वरची पत्रिका खिडकीच्या उजेडात धरली आणि परत माझ्यापुढे ठेवली.

"सर, खालचं दिसतंय हो. आकडा दिसला की माझा हात तिकडेच जाणार."

मी पाहिले. पातळ कागदातून माझा नऊ गुलाबी दिसत होता.

"द्या इकडे," मी म्हणालो, आणि तो गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून घेऊन प्रत्येक आकड्यावर दुसरी पट्टी लावू लागलो.