समुद्राला दारात अडवणारी

मित्रांनो, मी एक जुनी उघाडी आहे. नाक मुरडू नका! उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं सागवानी दार. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी मला ढकलून बाहेर पडतं. भरती आली की समुद्रच मला दाबून बंद करतो आणि मुकाट बाहेर उभा राहतो. मला चावी नाही, पगार नाही. मिजास मात्र आहे. माझ्या जिवावर खारकोंड गाव भात जेवतो.

पूर्वी इथं नुसता चिखल. घरटी एक माणूस राबला, तेव्हा बांध झाला आणि मी बसले. गावात आलेली नवी नवरी आधी मला हळदकुंकू लावायची, मग चुलीला. असा माझा मान!

पुढं शेजारी बंदर आलं, दारोदार ट्रेलर उभे राहिले. माझ्याकडे कोण फिरकतो? त्यात सगुणाआजीच्या लेकाने, दयारामने पराक्रम केला. पोराच्या हळदीला खाडीचा जिताडा मासा हवा, म्हणून भरतीचे मासे आत घ्यायला माझ्या फटीत धोंडा अडकवला. हळद झाली, मासे संपले, धोंडा तसाच. खारं पाणी शेतात शिरत राहिलं आणि पावसात लावलेली रोपं उभी करपली.

आजी पिवळी रोपं मुठीत घेऊन बांधावर आली. मागून दयाराम आणि त्याची नवी सून नेत्रा.

"आये, तांदूल इकत मिलतो गो," दयाराम म्हणाला.

"मिलतो ना? मंग आयस पन इकत आन! ज्या जमिनीनं तुला पोसला, तिलाच मीठ चारलंस?"

नेत्राने पदर खोचला.

"आजी, धोंडा माझ्या हळदीचा हाय. मीच काढते."

ती गुडघाभर चिखलात उतरली. मग सासऱ्याला काठावर उभं राहवेना! पहार आली, शेजारी आले. धोंडा निघाला. सुताराने माझी कुजलेली फळी बदलली. भरती आली आणि मी धप्पकन मिटले. किती दिवसांनी!

दोन पावसाळ्यांनी जमिनीतलं मीठ धुतलं. यंदा भात कमरेएवढा आहे. परवा नेत्रा आली, मला हळदकुंकू लावलं. म्हणाली, "तुझा मान रायला होता."

मित्रांनो, हौस करा, पण राखणदाराच्या तोंडात धोंडा घालून नको. घातलाच, तर काढायला चिखलात उतरा. चिखल धुता येतो.

बरं, सरका आता. भरती आली, मला काम आहे.