बस तुनी, पाय मना

माझ्या सासूबाई भागाबाई. आम्ही दोघंही, म्हणजे मी आणि माझे मिस्टर, त्यांना माय म्हणायचो. मिस्टरांचं नाव अभिमन. बोलताना मी 'हे' म्हणते, पण इथे नाव लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याचा घोळ नको.

धुळ्यात आमचं पंप आणि पाइपांचं दुकान होतं. माय मात्र गावाकडेच राहायच्या, शेत सांभाळायच्या, अहिराणीतच बोलायच्या. एकोणनव्वद साली दिवाळीनंतर धुळ्यातल्या एका ट्रॅव्हलवाल्याने खानदेश दर्शन म्हणून तीन दिवसांची सहल काढली. अभिमनने आमच्या तिघांच्या जागा धरल्या आणि मायला गावाहून बोलावून घेतलं. "आयुष्यभर राबलीस, आता जरा फिर," असं त्याने त्यांना सांगितलं. आणि ते मनापासून सांगितलं, हेही खरं.

पहिला दिवस छान गेला. पद्मालयाचा गणपती झाला, जळगावला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बस अजिंठ्याच्या रस्त्याला लागली. पहूर मागे पडलं तसे सहलीचे मॅनेजर उठून उभे राहिले. भाईदास त्यांचं नाव. पांढरा सफारी, गळ्यात शिटी.

"मंडळी, लेणी ऐच्छिक आहेत," ते म्हणाले. "ज्यांना वर जायचं त्यांच्यासाठी गाइड ठरवलाय, त्याचे पैसे वेगळे. चढण आहे, पायऱ्या आहेत. बाकीच्यांनी खाली झाडाखाली बसायचं, बाजार बघायचा. घरातल्या कर्त्या माणसाने सांगा, तुमच्यातले किती वर आणि किती खाली."

आणि ते सीटमागून सीट विचारत निघाले. एकेक पुरुष सांगत गेला. "मी वर, मंडळी खाली." "आम्ही दोघं भाऊ वर, बायका खाली." चाळीसगावचे हिलालशेठ आमच्या पुढच्या सीटवर होते, त्यांनी बायकोकडे, बेबाबाईंकडे, न बघताच सांगितलं, "एक वर, एक खाली." आमची पाळी आली तेव्हा अभिमन म्हणाला, "मी वर. आई खाली, तिचे गुडघे दुखतात. सोबतीला सुनंदा."

सुनंदा म्हणजे मी.

भाईदास पुढे सरकणार, तेवढ्यात माय बोलल्या. आवाज चढवला नाही, पण बसमधल्या सगळ्यांना ऐकू गेला.

"तुले कोनी सांगं, मी खाले बससू म्हनीसन?"

अभिमन हसला. "माय, खूप पायऱ्या आहेत."

"माले इचारं का तू?"

"अगं, तिथे बायकांनी बघण्यासारखं काही नाही. जुनी चित्रं आहेत, अर्धीउघडी. गाइड हिंदीत बोलणार. तुला काय कळणार त्यातलं?"

मायने तोंड खिडकीकडे वळवलं. अभिमनला वाटलं, विषय संपला. भाईदासांनाही तसंच वाटलं. मी शेजारी बसले होते म्हणून मला त्यांचा हात दिसला. समोरच्या सीटचा दांडा त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

बस खाली बाजारापाशी थांबली. रंगीत दगड, माळा, पेपरवेट विकणारे धावत आले. पुरुष मंडळी उतरली, भाईदासांनी ठरवलेला गाइड पुढे झाला आणि सगळे पायऱ्या चढू लागले. आम्ही बायका झाडाखाली राहिलो. कुणी संत्री सोलायला घेतली. माकडं जमली.

माय बसल्याच नाहीत. उभ्याउभ्याच मला म्हणाल्या, "तुना सासरा आठे येल व्हता. मना लगीनले चार वरीस व्हयनात तधळ. गावना बठ्ठा मानसं बैलगाड्या जुपीसन येल व्हतात. वापस घर उनात तधळ मी इचारं, काय देखं? तर म्हने, बायकास्ले सांगाजोगं नही."

"मग?"

"मंग काय? तीस वरीस मी इचार करी राहिनू, असं काय शे तठे, जे माले सांगता येत नही."

बेबाबाई संत्र्याची फोड तोंडात धरून ऐकत होत्या. त्यांनी ती गिळली आणि म्हणाल्या, "आमच्या घरीपण असंच. जिथं जातात तिथून आल्यावर विचारलं की 'तुला काय करायचंय!'"

"चाला मंग," माय म्हणाल्या.

पायऱ्यांपाशी डोलीवाले बसले होते. खुर्चीला बांबू बांधून चौघं उचलून न्यायचे म्हाताऱ्या माणसांना. मायला बघताच ते उठले. "आजी, बसा, आरामात वर नेतो."

"मी काय मरेल शे का, चार जनस्ना खांदावर जावाले?" माय म्हणाल्या. डोलीवालेच आधी हसले.

आता प्रश्न होता गाइडचा. बेबाबाई म्हणाल्या, नकोच गाइड, डोळे आहेत की आपल्याला. पण मायचं म्हणणं पडलं की नुसते डोळे घेऊन गेलो तर भिंत बघून परत येऊ. कुणीतरी सांगणारा पाहिजे, पण सांगणारा नीट पाहिजे. पैसे आमचे आम्ही देऊ, असं ठरलं.

तिकिटाच्या खिडकीपाशी दोन गाइड उभे होते. एक तरुण, कोट घातलेला, हातात बॅटरी. तो लगेच म्हणाला, "चला माताजी, तासाभरात सगळं दाखवतो."

मायने त्याला विचारलं, "बठ्ठं? काही सोडशी नही ना?"

तो जरा लाजला. "आता लेडीज असल्यावर, दोनचार चित्रं असतात, तिथे मी थांबत नाही. तुम्हालाच बरं वाटत नाही."

"ऱ्हाऊ दे मंग," माय म्हणाल्या आणि दुसऱ्याकडे वळल्या.

दुसरा पन्नाशीचा, टोपीवाला, चिंधाभाऊ. तो म्हणाला, "मी हळू चालतो, अक्का. आणि मी काही सोडत नाही. तुम्हाला नाही आवडलं तर तुम्हीच म्हणा, पुढं चल. मी माझ्या मनाने ठरवत नाही."

मायने मान हलवली. आम्ही निघालो. मागे वळून बघितलं तर झाडाखालच्या आणखी दोघीतिघी पदर खोचून आमच्यामागे येत होत्या.

चढणीने मायचे गुडघे खरंच बोलू लागले. चार पायऱ्या चढायच्या, कठड्याला टेकायचं, पुन्हा चार. मी हात पुढे केला तर तो त्यांनी बाजूला सारला. बेबाबाईंनाही धाप लागली होती. पण कुणी थांबू या म्हणालं नाही.

पहिल्या लेण्यात शिरलो तेव्हा उन्हातून आल्यामुळे काहीच दिसेना. चिंधाभाऊ म्हणाला, "घाई नका करू. डोळ्यांना जरा वेळ द्या." आणि मग हळूहळू भिंत उजळली. हातात कमळ घेऊन, डोळे खाली वळवून उभा असलेला तो बोधिसत्त्व दिसला. मग त्याच्या भोवतीची माणसं दिसली, माकडं दिसली, मोर दिसले. माय तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

सोळाव्या लेण्यात चिंधाभाऊने एक राणी दाखवली. नवरा संसार सोडून गेल्याची बातमी तिला आत्ताच कळली आहे, असं तो म्हणाला. मान कलंडलेली, बोटं सैल पडलेली. एक बाई मागून तिला सावरते आहे. बेबाबाईंचे डोळे भरले. सतराव्या लेण्यात तर पाय निघेना. आरशात बघणारी बाई, तिच्या दासी. दागिने, अंबाडे. कुणाच्या अंगावर कपडा होता, कुणाच्या नव्हता, पण खरं सांगते, थोड्या वेळाने ते लक्षातच राहिलं नाही. आणि एका भिंतीवर एक आई आपल्या पोराला पुढे करते आहे, समोर बुद्ध भिक्षेचं पात्र घेऊन उभा. तिचाच नवरा तो.

माय मोठ्याने म्हणाल्या, "हाई तं बठ्ठं बायास्नंच शे वं!"

त्या आवाजाने पुढच्या खोलीतून पुरुषांची मंडळी बाहेर आली. अभिमन सगळ्यात पुढे. आईला बघून त्याचा चेहराच उतरला. त्याच्यामागून भाईदास.

"हे काय? तुम्ही इथे कशा?" भाईदास म्हणाले. "आमचं बघून झालंय. आता सगळ्यांनी खाली चला. जळगावात एका दुकानात सांगून ठेवलंय, बायकांसाठीच, साड्यांचं. उशीर झाला तर बंद होईल."

मायने चिंधाभाऊला विचारलं, "आजून काय ऱ्हायनं?"

"शेवटी मोठं लेणं आहे, अक्का. आडवा झोपलेला बुद्ध. ते बघितल्याशिवाय जाऊ नये."

"मंग मी तठे जास."

"आजी," भाईदास म्हणाले, "बस थांबायची नाही."

लेण्याच्या दाराशी एक दगडी पायरी होती. माय तिच्यावर बसल्या. गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले.

"जाय ना. बस तुनी शे, पाय मना शेतस."

अभिमन जवळ आला, वाकून हळू म्हणाला, "माय, लोक बघताहेत."

"देखू दे. आठे लोके देखालेच येल शेतस."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. अभिमनचे कान लाल झाले. तो माझ्याकडे वळला. "सुनंदा, तू तरी चल. तू आलीस की ती येईल."

मी मायशेजारी जाऊन पायरीवर बसले. दुसरं काही सुचलं नाही. मग बेबाबाईही येऊन बसल्या, मागून आलेल्या त्या दोघीतिघीही. हिलालशेठ म्हणाले, "अगं, साडी घ्यायची होती ना तुला?" बेबाबाई म्हणाल्या, "चाळीसगावात साड्या मिळत नाहीत का?"

भाईदासांनी शिटी वाजवली. लेण्याचा रखवालदार धावत आला आणि त्यांनाच रागावला. पुरुष मंडळी कुरकुरत निघाली. अभिमन थोडा वेळ थांबला आणि मग तोही त्यांच्यामागे गेला.

शेवटचं लेणं गाठायला आम्हाला बराच वेळ लागला. आत एका कुशीवर झोपलेली ती भली मोठी मूर्ती. उशीवर गाल. खाली रडणारी माणसं रांगेने कोरलेली, बोटाएवढ्या उंचीची वाटावीत इतकी लहान. माय मूर्तीच्या पायांपाशी जाऊन जमिनीवरच बसल्या.

मग त्या माझ्याशी बोलल्या, नेहमीपेक्षा हळू. "वंगाळ काहीच नव्हतं. मी तीस वरीस वंगाळच समजत व्हतू. त्याले सांगताच येत नव्हतं वं, दुसरं काही नही." मला वाटलं, त्या आता सासऱ्यांना माफ करतील. पण त्यांचा आवाज एकदम कडक झाला. "पन सांगता येत नव्हतं तं मंग संगे लई येवाले पायजे व्हतं माले. बैलगाडीम्हा जागा नव्हती का?"

खाली उतरलो तेव्हा बस उभीच होती. चारपाच घरांच्या बायका वर असताना ती जाणार कुठे? ड्रायव्हर मागच्या बाकावर आडवा झाला होता. बसमध्ये चढताना काही पुरुष तोंडातल्या तोंडात बोलले. साड्यांचं दुकान राहिलं म्हणून भाईदास जळगाव येईपर्यंत धुसफुसत होते. त्या दुकानाशी त्यांचं काहीतरी ठरलेलं असावं, असं बेबाबाईंचं म्हणणं. मी कशाला बोलू?

जळगावच्या लॉजवर जेवायला बसलो तेव्हा अभिमन ताट पुढे ओढून म्हणाला, "चार लोकांत माझी लाज काढलीस."

माय भाकरी मोडत म्हणाल्या, "मी तुनी लाज काढी नही. तू मनं तोंड बंद करं, ते मी उघडं. बस."

"मी तुझ्या गुडघ्यांसाठी बोललो."

"गुडघा मना शेतस. दुखतील तं मी सांगसू."

आणि ते दुखत होतेच. त्यांना पायरी चढून खोलीत जाता येईना, म्हणून शेवटी अभिमननेच त्यांना धरून नेलं. त्याचा हात मात्र मायने झटकला नाही.

तिसऱ्या दिवशी बस फैजपूरला थांबली. तिथे पुन्हा दोन बेत होते. ज्यांना हवं त्यांनी जीपने सातपुड्यात पालच्या जंगलात जायचं, तिथला पुन्या म्हणून एक जण वाट दाखवायला येणार होता. बाकीच्यांनी केळीच्या बागेत सावलीला जेवायचं. भाईदासांनी या वेळी कर्त्या माणसाला विचारलं नाही. एकेकाला विचारत आले. मायला विचारलं.

"केळीना बागम्हा," माय म्हणाल्या. "आज पाय उचलत नही. सुनंदा बी मना संगेच ऱ्हाईल, पाय चेपाले."

भाईदास पुढे निघाले.

"मी पालला जाणार," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. अभिमन माझ्याकडे बघत राहिला. मायने तर असं बघितलं, जणू मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली.

"मना पाय कोन चेपी?" त्या म्हणाल्या.

"मी संध्याकाळी चेपून देते. पण मला जंगल बघायचंय."

भाईदासांनी अभिमनकडे बघितलं. अभिमनने तोंड उघडलं, पण त्याआधीच माय खेकसल्या. "त्याले काय देखस? ती जाई राहिनी ना? तिले इचार!" आणि तोंड फिरवून बसल्या. रागावल्या होत्या माझ्यावर, ते स्पष्ट दिसत होतं. दुपारपर्यंत तरी बोलणार नाहीत, हेही मला कळलं.

मी आणि बेबाबाई जीपमध्ये मागे बसलो. फैजपूरच्या केळी मागे पडल्या, मग साधी शेतं, मग चढ लागला. हवा गार झाली. पुढे बसलेल्या पुन्याने मागे वळून विचारलं, "बाई, जरा पायी चालायचं की गाडीतूनच बघायचं?"

"पायी," मी म्हणाले, आणि जीप थांबायच्या आधीच चपलेचा पट्टा घट्ट केला.