दोनच पट्ट्या

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर म्हणाल, ही तर नुसती मेणाची वडी! मेण आहेच, पण ते माझं पांघरूण. आत आहे एका बाईच्या मोठ्या आतड्यातला तुकडा, बोराएवढाही नाही. रुग्णालयाच्या तळघरात, लोखंडी खणात, माझ्यासारख्या शेकडो बहिणींना खेटून मी राहते. वय विचारू नका. माझ्या पाठीवरचा क्रमांक पिवळा पडलाय, त्यावरून काय ते ओळखा.

ती बाई शहरातली बस चालवायची, म्हणून इथं सगळे तिला ड्रायव्हरबाई म्हणतात. शस्त्रक्रियेत तिची गाठ काढली, तेव्हा माझा जन्म झाला. आधी मला उग्र वासाच्या औषधात बुडवलं, मग अंगातलं सगळं पाणी काढून घेतलं आणि वितळलेलं मेण पाजलं. पातेवाले काका म्हणजे आमच्या खोलीतले वड्या कापणारे तंत्रज्ञ. त्यांनी मला यंत्रात बसवून केसाहूनही पातळ पट्टी काढली, कोमट पाण्यावर तरंगवली आणि काचेवर अलगद उचलली. डॉक्टरीणबाईंनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि कर्करोगाचं निदान झालं. ड्रायव्हरबाईंना वेळेवर औषधं मिळाली, त्या पुन्हा बसवर रुजू झाल्या. "काय सुरेख कापली जाते ही!" असं काका म्हणाले होते. मी अशी फुशारले म्हणून सांगू! मग खण बंद झाला आणि कौतुकही संपलं.

वर्षं गेली. एके दिवशी एक संशोधिका आली, दार न वाजवताच. "काका, दोनच पट्ट्या द्या ना!"

काकांनी विचारलं, "एवढ्या जुन्या वडीत काय शोधतेस बाई?"

"काका, पेशीत वाढीला आवर घालणारी जनुकं असतात, गाडीच्या ब्रेकसारखी. जनुक निरोप पाठवतं आणि त्या निरोपावरून ब्रेकचं काम करणारं प्रथिन तयार होतं. पण मायक्रोआरएनए नावाचे इवलेसे तुकडे असतात ना, ते निरोपाला चिकटले की निरोप वाचलाच जात नाही."

"मग मेले वाईटच की!"

"छे हो! चांगल्या पेशीत तेच सगळं प्रमाणात ठेवतात. गाठीत मात्र त्यांतला एखादा प्रकार भलताच वाढतो. मग कधी कधी जनुक धडधाकट असूनही ब्रेक लागत नाही. आणि जुन्या वडीत लांब निरोपांचे तुकडे पडलेले असतात. हे मुळातच इवलेसे, म्हणून टिकून राहतात."

ऐकून माझा ऊर भरून आला. इतकी वर्षं मी उगीच पडून नव्हते तर!

पण मित्रांनो, गंमत संपली ती इथंच. मला यंत्रात पुन्हा बसवलं की आधीचा कोन काही जुळत नाही. मग माझा चेहरा परत सपाट करावा लागतो आणि त्यात माझाच कीस पडतो. काका तो कुंचल्यानं झटकून कचऱ्यात टाकत. संशोधिका आठवडा उलटला की हजर, "दोनच पट्ट्या!" पट्ट्या दोनच जात, पण कीस केवढा जाई! दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. मी आतून चरफडत होते, पण वडीचं कोण ऐकतंय?

एक दिवस डॉक्टरीणबाई स्वतः तळघरात उतरल्या. "काका, ड्रायव्हरबाईंचा आजार यकृतात परत दिसतोय. तिथून तुकडा काढणं धोक्याचं आहे. कोणतं औषध लागू पडेल, ते जुन्या गाठीवरूनच ठरवायला हवं. वडी काढा."

काकांनी मला उजेडासमोर धरलं. उजेड आरपार गेला. "बाई, हिच्यात फारसं उरलेलं नाही."

संशोधिका तिथंच उभी होती. "सगळं मीच संपवलं."

"तू मागितलंस, मी दिलं. दोघांचीही अक्कल चरायला गेली होती," काका म्हणाले. "आता एकाच बैठकीत कापू. पहिली पट्टी ड्रायव्हरबाईंची, शेवटचीही त्यांचीच."

"हो, मला काहीच नको." ती जायला वळली आणि थबकली. "काका, तो कीस? माझे इवलेसे त्यातही असतील की!"

काकांनी मला बर्फावर गार केलं. मग यंत्राचे स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे करत जुना कोन शोधत बसले. मला फार भीती वाटली, खोटं कशाला बोलू? माझ्यासाठी नाही, ड्रायव्हरबाईंसाठी. संशोधिका इवली नळी धरून पात्याखाली पडणारा कीस वेचत होती. पट्ट्या निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी काचा तपासल्या आणि एकच शब्द म्हणाल्या, "पुरलं."

औषध ठरलं, आणि लागूही पडलं. संशोधिकेला किसातही तो वाढलेला प्रकार सापडला. एका वडीवरून सिद्ध काहीच होत नाही, असं तीच म्हणते, पण त्या दिवशी तिनं सगळ्यांना चहा पाजला.

पुढे ड्रायव्हरबाई मला भेटायला आल्या. डोक्याला रुमाल, चालणं सावकाश. त्यांनी मला तळहातावर घेतलं. "हीच का ती? एवढीशी! आणि केवढा ताप दिलास गं!"

"तुमचे ब्रेक फेल नव्हते हो," संशोधिका म्हणाली. "निरोपच मध्ये अडत होता, असं वाटतंय."

"मग ठीक. ब्रेकवर ठपका आलेला मला चालत नाही." बाई हसल्या, मग हळूच विचारलं, "उरलंय का काही हिच्यात?"

"थोडंसं," काका म्हणाले.

"जपून ठेवा. मला लागलं तर लागलं. नाहीच लागलं, तर या पोरीला द्या. पण एका बैठकीत कापा!"

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कुणाचा असाच तुकडा कुठल्या तरी खणात असेल. त्याला टाकाऊ म्हणू नका, आणि ज्याच्या हाती तो येईल त्यानं हात राखून वापरावा, एवढी माझी विनवणी. मी परत माझ्या जागी आहे. इतकी वर्षं खण उघडण्याची वाट पाहिली. आता वर पावलं वाजली की वाटतं, ड्रायव्हरबाईंसाठी मला कुणी बाहेर काढायला येऊ नये.