काचेची बाहेरची बाजू

लिफ्ट बाराव्या मजल्यावर थांबली, तरी इलियासचं पाऊल बाहेर पडेना. रिझवाना दार धरून उभी राहिली. वडिलांना तिने घाई केली नाही.

इलियासची उमेदीची वर्षं आखातात गेली, दोराला लटकून उंच इमारतींच्या काचा धुण्यात. शेजारच्या दोरावर असायचा तमीम, त्याच्याच रोह्याचा. एका दुपारी तमीमचा दोर तुटला. मय्यत घेऊन इलियास गावी आला तो परत गेलाच नाही. पुढे तो स्वतःच्या घराच्या गच्चीवरही कधी चढला नाही. आणि लेक निघाली इमारती उभ्या करणारी. पेणला रामवाडीजवळ तिने आराखडा केलेली ही कचेरी आता सुरू होणार होती. अब्बांनी एकदा यावं, एवढंच तिने मागितलं होतं.

अखेर तो बाहेर आला आणि थबकला. एवढ्या मोठ्या दालनात एकही दिवा लागलेला नव्हता, तरी पार आतल्या कोपऱ्यापर्यंत उजेड पोचला होता. खाडीवरचा वारा या टोकाने शिरून त्या टोकाने जात होता. आखातातल्या कचेऱ्यांत त्याने काचेतून पाहिलेली माणसं भर उन्हाळ्यात स्वेटर घालून दिव्यांखाली बसलेली असत. इथे मधोमध झाडं होती. कुठल्याही टेबलावरून मान वर केली की आभाळ दिसेल, एसी फक्त कडक उन्हाच्या दिवसांत लागेल, असं रिझवाना सांगत होती. तो ऐकत होता, पण भिंतीला पाठ लावून.

"आन् काचा?" त्याने विचारलं. "भायरून कोन धुनार?"

रिझवाना खिडकीपाशी गेली. तिथे भाविका नावाची सफाईवाली बादली घेऊन उभी होती. रिझवानाने खूण करताच तिने कडी काढून तावदान ढकललं. ते गरकन फिरलं आणि काचेची बाहेरची बाजू आत आली.

"भायेर कुनाला जावं लागनार नाय, अब्बा," रिझवाना म्हणाली. "खर्च वाढतो म्हनून मालक नको म्हनत व्हता. मी सांगितलं, मंग माझा आराखडाच नको."

भिंत सोडून इलियास हळूहळू खिडकीपर्यंत गेला. कठड्यापलीकडे, खूप खाली, मिठागरं उन्हात चकाकत होती. त्याने ती डोळे भरून पाहिली.

भाविका फरशीवर दोन्ही पाय रोवून, काहीतरी गुणगुणत काच पुसू लागली. एक झाली की दुसरी. थोड्या वेळाने रिझवानाने निघायचं का म्हणून विचारलं.

"थांब गो," तो म्हणाला. "तिचं होऊ दे."