दोनदा वाजलेली घंटी

...नखांच्या कडेला काळं वंगण, आणि ते साबणाने न निघालेलं. टपरीवर कपाच्या कानात अडकवलेली इंदुताईंची बोटं मयुरीला दिसत होती, आणि तिथून नजर काढून कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं. म्हणजे काल सायकलची उतरलेली चेन यांनी एकटीने बसवली. तिथेच, वळणावर, रायमुनियाच्या झुडपांपाशी.

"च्या घे ना बाई. काऊन तशी उभी राह्यली?" इंदुताईंनी दुसरा कप पुढे केला.

"घेते," मयुरी म्हणाली, आणि कप घेतला नाही.

चंद्रपूरहून वीजकेंद्राच्या वसाहतीकडे जाणारा हा झुडपी जंगलातला रस्ता एकट्याने काढायचा नाही, हे वाघ दिसू लागल्यापासून ठरलेलं. सायकलवाल्यांनी टपरीवर जमायचं आणि एका ओळीत निघायचं. पुढे लाइनमन धनराज. त्याने घंटी वाजवली की मागोमाग एकेकाने वाजवायची, आणि सर्वांत शेवटच्याने दोनदा. ती दोनदाची घंटी आली नाही तर सगळ्यांनी सायकली वळवायच्या. हे कुणी लिहून दिलेलं नाही, पण मोडलंही नव्हतं कुणी... कालपर्यंत.

काल धुकं होतं. शेवटी इंदुताई, त्यांच्या पुढे मयुरी. मागे चेनची खडखड झाली, मग काहीच नाही, टायरचा आवाजसुद्धा नाही. तेवढ्यात धनराजची घंटी आली, त्याच्या मागच्या लटारूची आली, मयुरीने आपली वाजवली. आता मागून दोनदा यायला हवी होती. येणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे सगळे वळून थांबणार, इथेच, या झुडपांत पाय टेकून उभं राहायचं — आणि अंगठ्याने परस्पर घंटी दाबली. दोनदा. अंगठ्याने! जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. मी घाबरले होते, एवढंच. घाबरणं काही गुन्हा नाही, असं ती कालपासून स्वतःला बजावत होती, आणि प्रत्येक वेळी मनातलं ते दुसरं माणूस विचारत होतं, की मग पायडल जोरात का मारलंस?

वसाहतीच्या फाटकाशी सगळे वाट बघत उभे राहिले. किती तरी वेळाने इंदुताई आल्या, घामाघूम. धनराज चिडलाच होता. "चेन उतरली तं थांबवाचं ना बाई! घंटी तं आलती तुमची!"

इंदुताईंनी मयुरीकडे पाहिलं. अगदी सरळ पाहिलं. "आली असन," म्हणाल्या, आणि पाळणाघराचं कुलूप उघडायला निघून गेल्या.

त्यांनी चारचौघांत दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. दिवसभर संगणकासमोर बसून मयुरी त्या नजरेत राग शोधत राहिली, आणि तो सापडेना. राग सापडला असता तर उलट आपल्यालाही थोडं रागावता आलं असतं... निदान रडता तरी आलं असतं. मग तिने ठरवलं. उद्या मागे मीच राहीन. माफी मागायला तोंड नाही, पण तेवढं तरी करीन.

आता टपरीवाल्याने कप गोळा केले. धनराजने सायकल रस्त्यावर घेतली.

"चला. मांगं कोण?"

आता. मयुरीने श्वास घेतला. "मी" एवढंच तर म्हणायचं होतं, एक अक्षर. झुडपांवर आजही धुकं होतं. ओठ उघडले, आणि उघडेच राहिले.

"मले मांगंच राहू द्या," इंदुताई म्हणाल्या. "हिले मधात घ्या. भेव लागते पोरीले."

आवाजात टोमणा नव्हता. पाळणाघरातल्या लेकरांबद्दल बोलतात तशाच बोलल्या. लटारूने काही न विचारता सायकल बाजूला घेऊन जागा केली. कुणी हसलं नाही.

"नाही, मी मागे..." असं काहीसं मयुरी पुटपुटली, पण तोवर ती त्या जागेत शिरलीही होती. कान तापले, मान वर होईना. लाज वाटत होतीच, कालपेक्षा जास्त. पण लाजेच्या आधी, अगदी क्षणभर, तिला हायसं वाटलं होतं. आणि ते इंदुताईंना नक्की दिसलं असणार, या विचाराने ती पायडल मारू लागली.