राहिलेली पोटबांधणी

रामटेकहून सुभद्राबाई लेकीकडे नागपूरला आल्या त्या पिशवीत मऊ झालेलं जुनं लुगडं आणि मनात एक जुनी बाकी घेऊन. वैभवीला जुळी झाली तेव्हा ऐन धानाच्या रोवणीत त्या चिखलानं भरलेल्या बांधीत घसरल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये गेला होता. एका हातानं भाजी ढवळता येते, बाळंतिणीचं पोट बांधता येत नाही. ते राहिलं. मग लेकीचं पोट सुटलं ते सुटलंच. सीताबर्डीला मेट्रोत चढली की बाया उठून तिला जागा देत, वर कितवा महिना म्हणून विचारत. वैभवी हसून बसायची. सुभद्राबाई मात्र तो प्रत्येक महिना आपल्याच नावावर मांडत.

आता जुळी शाळेत जाऊ लागल्यावर वैभवीनं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी फाकलेले स्नायू आतून शिवून जवळ आणले, सैल कातडी काढली, वरून रुंद पट्टा लावला. घरी आलेली लेक कमरेतून वाकून चालताना पाहिली आणि सुभद्राबाईंनी पदर खोचला.

"पट्टा ढिला हाय वं. याच्यात मांजर झोपन."

"इतकाच ठेवायचा सांगितला हाय, आई."

"सांगणाऱ्याले काय? पोट तं तुयं हाय."

वैभवीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं हात वर केले. सुभद्राबाईंना वाटलं, पटलं. लेकी पटलं म्हणून कमी आणि आईचं मन मोडू नये म्हणून जास्त वेळा हात वर करतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पलंगाच्या काठाला पाय लावून त्यांनी पट्ट्यावरून लुगडं आवळलं, धानाच्या पेंढीला मारतात तशी गाठ मारली. वर तूप सोडलेला वरणभात, वाटीभर शिरा. "खा. बाळंतीण कशी खाते, तशी."

वैभवीनं खाल्लं. उशांना टेकली. थोड्या वेळानं तिची वाक्यं अर्ध्यावर तुटू लागली.

"काहून वं, अशी बोलून राहिली?"

"श्वास... वरच्या वरच... राहते."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तू इतक्या... मनानं बांधलं ना."

सुभद्राबाईंचे हात गाठीपर्यंत गेले आणि थबकले. सोडावं आणि आतले टाकेच उसवले तर? न सोडावं तर लेकीचा चेहरा पांढरा पडत चाललेला. त्यांनी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मधुवंतींना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, शिऱ्यासकट.

"मावशी, आधी गाठ सोडा. फोन स्पीकरवर ठेवा."

"टाके..."

"टाके पक्के आहेत. पोटाची खोली मी लहान केली, आतलं सामान तेवढंच आहे. शिवतानाच पोटातला दाब वाढतो. तिच्या छातीला पेलेल तिथंच आम्ही थांबलो होतो. वरून तुम्ही आवळलं, आतून शिऱ्यानं जागा धरली. आता ते सगळं फुप्फुसाला वर ढकलतंय, पायांतलं रक्तसुद्धा अडतंय. सोडा."

पेंढीची गाठ सहजी सुटली तर ती पेंढीची गाठ कसली! सुभद्राबाई गुडघ्यांवर बसल्या आणि दातांनी ती ओढू लागल्या. लुगडं सैल पडलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पट्टाही बोटं सरकतील इतका ढिला केला. वैभवीनं खोल श्वास घेतला, मग दुसरा. तोंडावर रंग आला. डॉक्टरांनी पिंढऱ्या सुजल्यात का, ओठ निळे पडलेत का, ते विचारलं, आणि "तरीही आत्ताच घेऊन या, मला बघायचंय," म्हणून फोन ठेवला. जावई गाडी घेऊन ऑफिसातून निघाले.

सुभद्राबाई लुगड्याची घडी घालत बसल्या. घडी काही जमेना.

"तवा बांधाचं होतं तं हात नव्हता. आता हात हाय तं बांधाचं नाही. मी आली तरी काहून?"

"शिरा कराले," वैभवी म्हणाली. तिला हसू फुटलं आणि ती कळवळली. "आई वं, हसलं की दुखते! हात ठेव इथं. दाबू नको. नुसता ठेव."

आयुष्यभर सुभद्राबाईंनी आवळून बांधलं होतं: पेंढ्या, पोती, पोरांच्या वेण्या. नुसता हात ठेवणं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तळवा आधी हवेतच राहिला, मग अलगद टेकला. खाली लेकीचं पोट उतरत होतं, चढत होतं, त्यासोबत त्यांचा हातही.

"जड होते का?"

"नाही," वैभवी डोळे मिटून म्हणाली. "राहू दे."